लाल टॅग आणि सतरा भाचे

परवा घरपट्टीचं बिल आलं. ते मी उभ्याने उघडलं आणि बसून वाचलं. पाथर्डी फाट्याच्या पुढे माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बिलावरचा आकडा पाहून मला क्षणभर वाटलं, चुकून अख्खा गोदाघाट पायऱ्यांसकट माझ्या नावावर चढवलाय की काय. नळाला पाणी पस्तीस मिनिटं येतं, त्यातली पहिली दहा मिनिटं नुसती हवा येते. गेटसमोरच्या खड्ड्यात मागच्या पावसाळ्यात कुणीतरी मासे सोडले होते, ते आता चांगले वाढलेत आणि माणसं ओळखायला लागलेत. आणि बिलावर शब्द काय, तर 'सुधारित'. कसली सुधारणा? माशांची?

असा पारा चढला की मला माझे जुने घरमालक आठवतात. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही काकाच म्हणायचो. अंबडच्या एका कंपनीत मी स्टोअरला लागलो तेव्हा त्यांच्या घरामागच्या खोलीत आठ वर्षं काढली. माणूस उंचीने बेताचा, आवाजाने मोठा. शर्टाच्या डाव्या खिशात स्टीलचा टेप. झोपताना तो उशाखाली ठेवत, आणि काकूंचं म्हणणं असं की लग्नातही अंतरपाट धरल्यावर त्यांनी आधी अंतरपाट मोजला होता.

काका सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीत होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. माप बरोबर असलं तर हिरवा टॅग, म्हणजे पास. थोडं चुकलं तर पिवळा, म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून आणा. जास्त चुकलं तर लाल, म्हणजे रिजेक्ट, भंगारात. रिटायर होताना बाकीच्यांनी शाल घेतली, घड्याळ घेतलं. हे म्हणाले, मला उरलेले टॅग द्या. कंपनीने तीन पोती भरून दिले. मी राहायला गेलो तेव्हा लाल पोतं अर्धं झालं होतं, पिवळं पाऊण होतं, आणि हिरव्या गड्ड्यांची रबरं न उघडताच कुजून कागदाला चिकटली होती.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मित्र-मैत्रिणी येतात का तेही विचारलं नाही. टेप काढला आणि मला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं.

"पाच सात. खोलीचं दार पाच नऊ. चप्पल घालून आत येशील. हेल्मेट घालून आलास तर चौकटीचं नुकसान तुझ्याकडून घेईन."

"भाडं किती काका?"

"आधी खोली मोज. अकरा बाय दहा आहे. मी म्हणतो म्हणून मानू नकोस."

मी हसलो. ते हसले नाहीत. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी माझ्याकडून पूर्ण खोली मोजून घेतली. अकरा बाय दहाच होती. मग म्हणाले, "आता आपण बोलू शकतो."

माप घेतल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा कायदा होता, आणि तो त्यांनी गल्लीवर लावला होता. कुणी म्हणालं, भाजीबाजारात आज खूप गर्दी होती, की हे विचारणार, "खूप म्हणजे किती बाय किती?" गणपती मंडळाची पोरं वर्गणीला आली आणि म्हणाली, मूर्ती यंदा भव्य आहे. काका त्यांच्यासोबत मंडपात गेले, मूर्ती मोजली, मागच्या वर्षीपेक्षा पाऊण इंच कमी भरली. वर्गणी त्याच प्रमाणात कापली. पोरांनी पुढच्या वर्षी मूर्ती आणताना काकांना बरोबर नेलं. नाशिक रोडपर्यंतच्या सगळ्या मूर्तिकारांनी तेव्हा टेप विकत घेतले म्हणतात.

घरात काकू होत्या म्हणून निभावलं. काकू निफाडकडच्या. भाकरी ताटात पडली की काका तिच्या कडेला जाडी मोजायचं व्हर्निअर लावायचे. "कडेला चार मिलिमीटर, मधे सहा. टॉलरन्सच्या बाहेर आहे."

"गिळा गपचूप," काकू चुलीपुढूनच सांगायच्या, "नायतर ते व्हर्निअरच भाजून वाढीन."

एकदा एका लग्नाला निघताना काकूंनी त्यांच्या शर्टाच्या बटणाला पिवळा टॅग बांधला. बटण चुकीच्या काजात गेलं होतं. काका टॅग घालूनच लग्नात गेले, जेवले, नवरा-नवरीबरोबर फोटोही काढला. मी विचारलं, काढला का नाही? म्हणाले, "शेरा बरोबर होता."

हे मी मुद्दाम सांगतोय. शेरा बरोबर असला तर तो स्वतःवर असला तरी काढायचा नाही, हे त्यांच्या अंगात होतं. पुढे त्याचीच किंमत मोजावी लागली.

आमच्या गल्लीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे कारखान्यातल्या कामगारांनी कर्ज काढून बांधलेल्या बैठ्या घरांचे दोन रांगांचे ठोकळे. गल्लीत विजेचे खांब अकरा, त्यातला एकही पेटत नव्हता. रस्ता होता, असं जुनी माणसं सांगायची. काकांनी खड्ड्यांसाठी लाकडाचं एक गेज बनवलं होतं. त्याचं एक टोक खड्ड्यात गेलं तर तो खड्डा, दुसरं जाडं टोकही गेलं तर ती विहीर. आमच्या गल्लीत तेव्हा नऊ खड्डे आणि चार विहिरी होत्या. प्रत्येकाच्या काठावर खिळा ठोकून लाल टॅग, त्यावर खोली, रुंदी आणि तारीख.

एका वर्षी त्यांनी शहराचं अंदाजपत्रक वाचायला घेतलं. कुठून तरी ओळख काढून पुस्तक मिळवलं आणि ओट्यावर बसून चार दिवस वाचलं. पाचव्या दिवशी मला हाक मारली. व्हर्निअर लावून पुस्तकाची जाडी दाखवली.

"एकतीस मिलिमीटर. यात आपली गल्ली किती मिलिमीटर असेल?"

"किती?"

"शून्य. मी पुठ्ठासुद्धा वाचला." त्यांचा आवाज चढायला लागला. "पुतळे आहेत, कमानी आहेत, कमानींवरचे दिवे आहेत. सिंहस्थाचं तर विचारू नकोस. साधूंवर माझा राग नाही बाबा, ते बिचारे येतात, स्नान करतात, जातात. पण बारा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्याला गालिचा, आणि रोज इथे राहून पैसे भरणाऱ्याला चिखल? हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये बसतं? आणि कर वाढवताना म्हणतात काय, खर्च वाढलाय! अरे, पण माल कुठाय? पैसे घेतले, माल दिला नाही, वर भाव वाढवला. कंपनीत असा व्हेंडर असता तर मी त्याला गेटच्या आत पाय ठेवू दिला नसता."

पुस्तकाला लाल टॅग बांधून ते त्यांनी होतं तिथे परत पाठवलं. पोचपावती मागितली. ती मात्र मिळाली.

आता शेजारच्या ताई. काकांच्या घराला लागून एक बोळ, पावणेतीन फुटांचा. बोळाच्या पलीकडे ताईंचं घर. त्यांचा नवरा अंबडला प्रेसवर कामाला होता, तो गेला. मागे घर, एक मुलगी आणि एक शिलाई मशीन. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन मांडून ताई ब्लाऊज शिवायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. मुलगी नर्सिंग शिकत होती. संध्याकाळची ड्युटी करून अंधारात घरी यायची. त्यांच्या दारासमोरचा खांब काळाकुट्ट, म्हणून ताई मोबाइलचा टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. काकांनी त्या खांबाची लेखी तक्रार केली. उत्तर यायला नऊ महिने लागले. उत्तर होतं: 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.'

आणि अशात घरं मोजायला पोरं आली.

पालिकेने हे काम कुठल्याशा ठेकेदाराच्या कंपनीला दिलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, आणि लेझरचं छोटं यंत्र: इकडून लाल ठिपका सोडायचा, तो जिथे पडेल तिथपर्यंतचं अंतर यंत्र सांगणार. आदल्या संध्याकाळी गल्लीत बातमी फुटली की घरात भाडेकरू सापडला तर तेवढ्या भागाला चढा दर लागणार. झालं. त्या एका सकाळी आमच्या गल्लीत सतरा भाचे जन्माला आले. सगळे पंचविशीचे, सगळे दाढीमिशांसकट. एका घरात तीन भाचे निघाले: एक बिहारचा, एक ओडिशाचा, एक सटाण्याचा, आणि तिघांच्या आया म्हणे सख्ख्या बहिणी. मोजणाऱ्या पोराने सटाणेवाल्याला विचारलं, तुम्ही कोण? तो ताठ उभा राहून म्हणाला, "मी भाचा शे." बिहारवाला पाठोपाठ म्हणाला, "हम भी."

काकांच्या घरी पोरगं आलं तेव्हा काका ओट्यावर होते. मी मागच्या खोलीत, रात्रपाळी करून आडवा झालेलो. मला सगळं ऐकू येत होतं.

"मागे काय आहे काकू?"

"मागं आमचा भाचा राहातो. परीक्षेचा अभ्यास करतोय."

"डिस्टर्ब नको मग," म्हणून ते शहाणं बाळ मागे आलंच नाही. अकरा बाय दहाची खोली अशी जागच्या जागी गुप्त झाली. आणि काका? टेप खिशात होता, हात टेपवर होता, आणि तोंड बंद होतं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा एक माल न मोजता सोडला होता. त्या दिवसापासून ते माझ्या खोलीत पाऊल टाकीनात. भाडंसुद्धा खिडकीतून घ्यायचे, तेही दुसरीकडे बघत.

चार महिन्यांनी नोटिसा आल्या. गल्लीत कुणाला थोडी वाढ, कुणाला बरीच. ताईंची नोटीस मात्र अशी, की ती वाचून त्या दारातच बसल्या. घर कागदावर फुगलं होतं, आणि सबंध घर व्यावसायिक ठरलं होतं. पोराला पुढच्या खोलीत मशीन दिसलं म्हणून मोरी, संडास, माळा आणि देवघर सगळं दुकान! देवघरात बसलेल्या बाळकृष्णानेही दुकानाचा दर भरायचा! मागच्या वर्षांच्या फरकासकट आकडा एवढा होता, की तो भरायला मशीन विकावं लागलं असतं, आणि मशीन विकलं की खायचं काय? खाली बारीक अक्षरात जप्तीची ओळ होती.

"भाऊ म्हणतो, टाक विकून अन् ये सायखेड्याला," ताई काकांना म्हणाल्या. "पोरीचं एकच वरीस राहिलंय काका. आता उठले तर तिचं सगळंच जाईल. बरं, हरकत घ्यायला जावं तर मी तिथं काय बोलू? मला त्यातलं काय बी समजत नाय."

काकांनी नोटीस हातात घेतली, वाचली, तिला लाल टॅग बांधला. मग मला हाक मारली, "टेपचं टोक धर." आम्ही ताईंचं घर आतून मोजलं, बाहेरून मोजलं, कर्ण मोजले. कागदावरचं घर खऱ्या घरापेक्षा पावणेतीन फुटांनी रुंद होतं.

"बरोब्बर बोळाएवढं," काका म्हणाले. मग ताईंच्या डाव्या कोपऱ्याशी उभं राहून त्यांनी नजर सोडली. पोराने इथूनच ठिपका सोडला होता. तो ताईंच्या उजव्या कोपऱ्याच्या बाहेरून निसटला, बोळ ओलांडला, आणि काकांच्या पुढे आलेल्या ओट्याच्या भिंतीवर जाऊन बसला. मधली हवा ताईंच्या नावावर!

काकांनी ताईंच्या नावाने हरकत लिहून दिली, आणि सुनावणीला काका, ताई आणि मी गेलो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, टेपचं दुसरं टोक धरायला. करसाहेबांच्या केबिनबाहेर एवढी माणसं होती की रांगेत एकाचं लग्न जमलं असतं आणि बारसंही झालं असतं. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांसमोर मोजणारं तेच पोरगं यंत्र घेऊन बसलं होतं.

"तुम्ही कोण? वकील?" साहेबांनी काकांना विचारलं.

"शेजारी. माप घेणारा."

"मापं मशीनने घेतलीत. मशीन चुकत नाही."

"मशीन तपासून घेतल्याचं, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट बघू," काकांनी हात पुढे केला. पोरगं साहेबांकडे बघायला लागलं. काकांनी खिशातून टेप काढला आणि पिशवीतून त्याचं सर्टिफिकेट काढलं, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं. "माझ्या टेपचं आहे. दर वर्षी स्वखर्चाने करतो. साहेब, एक विनंती आहे. याला सांगा, तुमची ही केबिन मोज."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी मान हलवली. पोराने भिंतीशी उभं राहून ठिपका सोडला. केबिनचं दार उघडं होतं. ठिपका दारातून बाहेर गेला, पॅसेज ओलांडून पलीकडच्या पाण्याच्या फिल्टरवर बसला. पोराने आकडा वाचला आणि लिहून घेतला.

काका म्हणाले, "अभिनंदन साहेब. तुमच्या केबिनमध्ये आता फिल्टर आला, पॅसेज आला आणि रांगेतली अकरा माणसंही आली. यांचा कर तुम्ही भरणार?"

बाहेरची अकराही माणसं खदखदून हसली. तिथेच जरा गडबड झाली. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी संगणकाकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, "तुमचा घर नंबर?" काकांनी सांगितला. साहेबांनी पडद्यावर नोंद शोधली.

"तुमचं घर याच मुलाने, याच मशीनने, याच दिवशी मोजलंय. तुमची काही हरकत आलेली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुमच्या घराचं माप तुम्हाला मान्य आहे. मग मशीन तुमच्या घरी बरोबर आणि बाईंच्या घरी चूक, असं कसं काका? एक सांगा. मशीन बरोबर आहे, की तुमचंही माप चुकलंय?"

ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. काकांच्या कपाळावर घाम आलेला मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मान्य म्हटलं तर ताईंचं घर जातं. चूक म्हटलं तर मागची खोली बाहेर पडते, आणि खोलीबरोबर मी. मला राहवलं नाही. मी पुढे झालो.

"साहेब, मागे खोली आहे, पण तिथे मी असतो, मी काकांचा भाचा, परीक्षेचा अभ्यास..."

"हा माझा भाचा नाही," काका म्हणाले.

"मला बहीणच नाही," काका म्हणाले. "हा भाडेकरू आहे. सहा वर्षं आहे. खोली अकरा बाय दहा, तुमच्या मशीनने ती धरलेली नाही. माझंही माप चुकलंय साहेब. मला त्या दिवशीच माहीत होतं. मी बोललो नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लेखी देता?"

काकांनी पिशवीतून लाल टॅग काढला आणि तिथेच टेबलावर लिहिलं. भाग: मागची खोली. दोष: नोंद नाही. जबाबदार: स्वतः. निर्णय: रिजेक्ट. सही, तारीख. टॅग साहेबांपुढे सरकवून म्हणाले, "आता ताईंचं माप माझ्या टेपवर धरा."

"बावीस वर्षं या टेबलावर बसलोय," साहेब हळू म्हणाले. "आपला कर वाढवून मागणारा माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

"मागत नाही. माप सांगतोय."

ताईंच्या घराची मोजणी पुन्हा झाली. बोळ वगळला. व्यावसायिक धरली ती मशीन मांडलेली खिडकीजवळची जागा, एका सतरंजीएवढी. बाळकृष्ण पुन्हा घरगुती झाले. ताईंना जे भरायचं ते त्यांच्या शिलाईतून भरता येईल एवढं आलं, आणि त्यांनी ते भरलं. काकांचं बिल मात्र मागच्या वर्षांच्या फरकासकट असं आलं, की काकू पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाकरी मात्र रोज वाढत होत्या. कडेला दहा मिलिमीटर, मधे दोन, मुद्दाम. काकांनी एकदाही व्हर्निअर काढलं नाही.

आणि गल्ली? गल्लीने काकांना वाळीत टाकलं. कारण मागच्या खोल्या मोजायला पोरं पुन्हा आली आणि सतरा भाच्यांचे सगळे मामा उघडे पडले. एक दिवस ते सगळे काकांच्या गेटवर आले.

"तुम्हाला कर भरायची हौस असली तर स्वतःचा भरा! आमच्या भाच्यांवर का उठलात?"

"मी तुमचं कुणाचं नाव घेतलं नाही."

"मग आमच्याकडे आलेच कसे ते?"

"माझी खोली मोजायला आले तेव्हा तुमच्या गच्चीवर नऊ फुलपँट वाळत होत्या," काका त्यातल्या सगळ्यात पुढच्या मामाला म्हणाले. "घरात तुम्ही एकटे पुरुष. त्यांनी मोजल्या. मोजायला शिकलेत आता."

मामांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? जिथे भरलेल्या पैशाचं काहीच दिसत नाही, तिथे माणूस लपवायला शिकतो. लपवण्याची ही शाळा काढली कुणी? एखाद्या सतरंजीएवढ्या जागेवर पोट भरणाऱ्या बाईच्या बोळातली हवा मोजायला यंत्र आहे, आणि रस्त्यातली विहीर मोजायला एक रिटायर म्हातारा! माझा संताप तिथे आहे, आणि तो अजून तिथेच आहे.

माझं भाडं वाढणार हे मला माहीत होतं. वाढलं. खोलीवर जेवढा कर चढला त्याचा निम्मा, एक रुपया वर नाही, एक खाली नाही. पण त्या महिन्यापासून काका भाडं घ्यायला दारातून आत आले, खाटेवर बसले आणि माझ्या हातचा चहा प्यायले. "पाणचट आहे," म्हणाले. मला बरं वाटलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ताईंनी पाट मांडला आणि काकांना बसवलं. ओवाळून झाल्यावर मी म्हणालो, "काका, आता तर बहीण झाली. आता भाचा म्हणा की."

काकांनी विचार केला. "तिला मुलगी आहे. भाची धरता येईल. तू बसत नाहीस."

बिल त्यांनी सगळं, एकाच वेळी, रांगेत उभं राहून भरलं. पावती घडी न घालता घरी आणली, भिंतीवर लावली, आणि मला म्हणाले, "आजवर आपलंच माप खोटं होतं, म्हणून मी दबकत बोलत होतो. आता माझे पैसे पूर्ण पोचलेत. आता मला माल पूर्ण पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ताईंच्या दारासमोरच्या बंद खांबाला त्यांनी लाल टॅग बांधला. 'दिवा नाही. निर्णय: रिजेक्ट.' एखादा लोकप्रतिनिधी त्या आठवड्यात गल्लीतून जाणार होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅग गायब. काकांनी पुन्हा बांधला. पुन्हा गायब. तक्रारीच्या उत्तराला नऊ महिने, टॅग काढायला एक दिवस! म्हणजे यांना वेळेत काम येतच नाही असं नाही. चौथ्या दिवशी काका दबा धरून बसले आणि टॅग काढणाऱ्याला पकडलं. कंत्राटावरचा साधा माणूस, कमरेला पक्कड, खांद्यावर दोरी.

"तू कोण रे?"

"वायरमन हाय काका."

"वायरमन? मग वर चढून दिवा का लावत नाहीस?"

"ऑर्डर नाय ना. ऑर्डर चिठ्ठी काढायची हाय." तो ओशाळून हसला. "राग नका धरू. लय बोलतात वरून."

काकांनी राग धरला नाही. त्याला चहा पाजला, खांबाची उंची मोजली आणि संध्याकाळी माझ्याकडून शिडी मागवली. मी शिडी धरली, ते वर चढले, काकू खालून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिल्या. लाल टॅग त्यांनी खांबाच्या पार शेंड्याला, दिव्याच्या कोयंड्यात बांधला.

सकाळी वायरमन आला. खाली टॅग नाही. वर बघितलं, काकांकडे बघितलं, आणि हसत दोरी टाकून चढला. टॅग काढला. तिथे दिव्याची तुटलेली तार त्याच्या नाकासमोर लोंबत होती.

काका खालून म्हणाले, "वर आलाच आहेस, तर..."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पक्कड काढली.

त्या संध्याकाळी ताई टॉर्च न घेता कोपऱ्यावर गेल्या. मुलगी उजेडातून चालत आली. काका आत गेले, पोत्यातून एक हिरवा गड्डा काढला, कुजलेलं रबर नखाने खरवडलं आणि एक टॅग सुटा केला. तो त्यांनी खांबाला बांधला, खाली, कुणाचाही हात पोचेल असा. तो काढायला कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या बिलात दिवाबत्तीचा आकडा वाढून आला. काकांनी बिल ओट्यावर बसून पूर्ण वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आपल्या गल्लीत खांब किती?"

"अकरा, काका."

"पेटतात किती?"

"एक."

ते उठले, खिशात टॅग कोंबले आणि म्हणाले, "शिडी आण."